पालि शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द : एक चिकित्सा

महाराष्ट्रातील बौद्ध वाचक पालि वाङ्मयापर्यंत पोहोचतो तो बहुधा इंग्रजीच्या वाटेने. विद्यापीठात पालि शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आजही ऱ्हीस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांचा १९२१ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झालेला पालि-इंग्रजी कोश असतो. पालि टेक्स्ट सोसायटीची भाषांतरे इंग्रजीत आहेत आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला धम्मग्रंथही मुळात इंग्रजीतच लिहिला. धर्मानंद कोसंबी यांच्यासारखा थेट पालितून मराठीत येणारा पंडित हा आपल्याकडे अपवादच ठरला. या वस्तुस्थितीबद्दल खंत करण्याचे कारण नाही; ज्या इंग्रजीने आपल्याला त्रिपिटकाचे दार उघडून दिले तिच्याविषयी कृतज्ञताच असावयास हवी. परंतु त्या दारातून आत येताना इंग्रजी शब्दांच्या अंगावरची धूळही आपल्याबरोबर आत आली आहे, आणि ती पालि शब्दांचीच आहे असे समजून आपण ती जपत आहोत. प्रस्तुत लेखाचा विषय ही धूळ आहे.

कोशात दोन शब्द शेजारी छापले की ते समानार्थी वाटू लागतात. वस्तुतः प्रत्येक शब्दाला स्वतःचे वय असते, त्याने पाहिलेली भांडणे असतात. भिक्खू या शब्दाचेच उदाहरण घेऊ. सिंहलद्वीपात काम करणारे वेस्लियन मिशनरी रॉबर्ट स्पेन्स हार्डी यांनी १८५० साली 'ईस्टर्न मोनॅकिझम' आणि १८५३ साली 'मॅन्युअल ऑफ बुधिझम' हे ग्रंथ प्रसिद्ध केले. पहिल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भिक्षुसंघाचे वर्णन 'मेंडिकंट' म्हणजे भिक्षा मागणारे असे यथायोग्य केलेले आहे. आतील पानांवर मात्र भिक्खू सर्रास 'प्रीस्ट' होतो. त्यांच्या आधीच्या आणि समकालीन लेखकांचीही हीच रीत होती.

आता या 'प्रीस्ट' शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. व्युत्पत्तीने तो ग्रीक 'प्रेस्बुतेरोस' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'वडीलधारा, वृद्ध' एवढाच आहे. म्हणजे मूळ पाहता तो आपल्या 'थेर' शब्दाचा सख्खा भाऊ! केवळ व्युत्पत्तीच्या बळावर कोणी म्हणू शकेल की भिक्खूला 'प्रीस्ट' म्हणण्यात काहीच वावगे नाही. परंतु शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मावर ठरत नाही, वापरावर ठरतो. युरोपात या शब्दाने यज्ञवेदीवर बळी अर्पण करणाऱ्या, ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या मध्यस्थाचा अर्थ पोटात घेतला. तो इतका घट्ट बसला की १५२६ साली विल्यम टिंडेल याने बायबलच्या नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर करताना त्याच ग्रीक शब्दासाठी 'प्रीस्ट' वापरण्याचे नाकारले. त्याने आधी 'सीनियर' आणि १५३४ च्या आवृत्तीत 'एल्डर' हा शब्द योजला. 'चर्च'च्या जागी त्याने 'काँग्रिगेशन' म्हणजे समुदाय असे लिहिले. सर टॉमस मोर यांनी नेमक्या याच शब्दांवर १५२९ साली कडाडून हल्ला चढविला, कारण 'प्रीस्ट'चा 'वडीलधारा' झाला की पुरोहिताची सत्ता संपते, हे त्यांना उत्तम कळत होते. टिंडेलला १५३६ मध्ये पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले आणि त्याचे प्रेत जाळण्यात आले. प्रतिशब्दांची चर्चा ही पंडितांची रिकामपणची करमणूक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

पुढे प्रॉटेस्टंट इंग्लंडात 'प्रीस्ट' हा शब्द कॅथलिकांविषयीच्या तिरस्काराने माखला गेला. भोळ्या लोकांना नाडणाऱ्या पुरोहिती कारस्थानासाठी 'प्रीस्टक्राफ्ट' हा शब्द सतराव्या शतकातच रूढ झाला होता. हार्डींच्या वाचकाने भिक्खूंविषयी 'प्रीस्ट' हा शब्द वाचला तेव्हा त्याच्या मनात हा सारा इतिहास जागा झाला असणारच. सिंहली भिक्खूकडे पाहताना त्याला रोमचा पाद्री दिसला.

आपल्या दृष्टीने हानी याहून मोठी आहे. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात राजाला यज्ञ सांगणारा पुरोहित आहे आणि त्याच्या यज्ञाची चिकित्सा करणारे तथागत आहेत. इंग्रजीत एकाच कुळातील शब्द दोन्ही बाजूंना वापरला की पुरोहित आणि पुरोहितशाही नाकारणारा संघ एकाच पंक्तीला बसतात. सुत्ताचा कणाच मोडतो. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात भिक्खू आणि ब्राह्मण यांच्यातील भेदासाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. जन्म, विवाह, मृत्यू यांचे संस्कार करणे हा ब्राह्मणाचा व्यवसाय असून भिक्खूचे कार्य ते नव्हे, असा त्याचा आशय आहे. आपल्या वस्त्यांतून भिक्खूंना केवळ विवाहविधी आणि जलदानविधी यांपुरतेच बोलावले जाते. ते पाहिले म्हणजे 'प्रीस्ट' हा शब्द हार्डींच्या पानांतून निघून आपल्या व्यवहारात कधी शिरला, असा प्रश्न पडतो.

'प्रीस्ट'नंतर 'मंक' आला. ग्रीक 'मोनाखोस' म्हणजे एकाकी राहणारा. संघाशिवाय ज्याला अस्तित्वच नाही त्याला एकाकी म्हणणे विचित्र आहे, तरी आय. बी. हॉर्नर यांच्या विनयपिटकाच्या भाषांतरामुळे (१९३८ ते १९६६) हाच शब्द रुळला. ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी १८८१ साली विनयाचे भाषांतर करताना 'भिक्खू' हा शब्द तसाच ठेवला होता, तो शहाणपणा मागे पडला. थेरीगाथांच्या वाट्याला तर अधिकच आले. कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १९०९ साली केलेल्या भाषांतराचे नाव 'साम्स ऑफ दि सिस्टर्स' असे आहे. 'साम' म्हणजे बायबलातील स्तोत्र, ईश्वराला आळवलेले. थेरींनी कोणा ईश्वराला आळवलेले नाही. उखळ, मुसळ आणि जाचक संसार यांतून सुटलेल्या स्त्रियांचे ते उद्गार आहेत. मठातील 'सिस्टर'शीही त्यांचे नाते नाही. भाषांतरकर्त्री विदुषी होती आणि तिचे पालि उत्तम होते, पण शीर्षकातल्या शब्दांनी पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचकाला चर्चच्या बाकावर नेऊन बसविले. के. आर. नॉर्मन यांनी १९६९ आणि १९७१ साली थेरगाथा व थेरीगाथा यांच्या भाषांतरांना 'एल्डर्स व्हर्सेस' असे नाव दिले, तेव्हा साठ वर्षांनी 'थेर' शब्दाला न्याय मिळाला. टिंडेलने निवडलेला तोच 'एल्डर', हाही योगायोग लक्षणीय आहे.

'एन्लायटनमेंट' या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. 'बोधि' हा शब्द 'बुध्' धातूपासून, म्हणजे जागे होणे या अर्थाने आला; त्यात प्रकाशाचा संबंध नाही. इंग्रजीतील प्रकाशाची प्रतिमा आधी ख्रिस्ती अध्यात्मातून आणि पुढे अठराव्या शतकातील युरोपीय बुद्धिवादातून आली. एडविन आर्नल्ड यांच्या 'लाइट ऑफ एशिया' या १८७९ च्या काव्याने ती घरोघर पोहोचविली. आपल्याकडे उलटा प्रवास झाला, हे मात्र फारसे कोणी नोंदविलेले नाही. युरोपातील त्या वैचारिक जागृतीला नाव देताना मराठीने 'प्रबोधन' हा शब्द उचलला, म्हणजे 'बुध्' धातूच पुढे केला. आणि प्रकाशाची प्रतिमा असलेले 'ज्ञानोदय' हे नाव १८४२ साली अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या नियतकालिकाला दिले. मराठी भाषेला जे उपजत कळले ते कोशकारांना कळावयास वेळ लागला.

आता 'रिलिजन'. या शब्दावर आपल्या व्यासपीठांवरून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो : 'रिलिजन' हा लॅटिन 'रेलिगारे' म्हणजे बांधणे या क्रियापदापासून आला, म्हणून रिलिजन म्हणजे बंधन, आणि धम्म म्हणजे मुक्ती. टाळ्या मिळवून देणारा हा युक्तिवाद आहे, परंतु तो टिकणारा नाही. एक तर ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. ती चौथ्या शतकाच्या आरंभीच्या लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने उचलून धरली. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी सिसेरोने तोच शब्द 'रेलेगेरे' म्हणजे पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक पाहणे यापासून आल्याचे सांगितले होते. सिसेरोचे मत स्वीकारले तर आपल्या वक्त्यांना तोच शब्द सावधानतेचा म्हणून गौरवावा लागेल! दुसरे असे की व्युत्पत्तीवरून मूल्य ठरवावयाचे तर 'प्रीस्ट'लाही थेर म्हणावे लागेल. मध्ययुगीन इंग्रजीत 'रिलिजन' म्हणजे मठवासी संघाचे जीवन आणि 'रिलिजस' म्हणजे शपथबद्ध मठवासी असा अर्थ होता. जगात अनेक 'रिलिजन्स' आहेत आणि त्यांची तुलना करता येते, ही कल्पना त्या शब्दात बरीच उशिरा आली.

बाबासाहेबांनी ही व्युत्पत्तीची पळवाट घेतली नाही, हे त्यांच्या विद्वत्तेचे गमक आहे. ग्रंथाच्या चौथ्या खंडात रिलिजन आणि धम्म यांचा भेद मांडताना त्यांचा आरंभच असा आहे की या शब्दाला एक निश्चित अर्थ नाही, कारण त्याच्यामागील कल्पना टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि प्रत्येक टप्प्यावर नाव मात्र तेच राहिले. ही शब्दाच्या ऐतिहासिक वापराची मीमांसा आहे. याच खंडाच्या दुसऱ्या भागाचा विषय, पारिभाषिक शब्दांतील साम्यामुळे मूलभूत भेद कसे झाकले जातात, हा आहे. पुनर्जन्म, कर्म, अहिंसा हे शब्द ब्राह्मणी परंपरेत आणि बुद्धवचनात एकच दिसतात, अर्थ मात्र निराळे, हे त्यांनी तेथे दाखविले. आपण त्याच कसोटीवर इंग्रजी शब्द घासून पाहत आहोत, इतकेच.

त्यांच्या स्वतःच्या शब्दयोजनेचा प्रवासही पाहावा. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलेल्या लेखाचे शीर्षक 'बुद्ध अँड दि फ्यूचर ऑफ हिज रिलिजन' असे होते. त्यात त्यांनी बौद्धांना बायबलासारख्या एका सुटसुटीत ग्रंथाची गरज असल्याचे स्पष्टपणे म्हटले. १९५१ साली ग्रंथाचा खर्डा खासगी वितरणासाठी थोड्या प्रतींत छापला तेव्हा त्याचे नाव 'दि बुद्ध अँड हिज गॉस्पेल' होते. 'गॉस्पेल' हा जुन्या इंग्रजीतील 'गोड-स्पेल' म्हणजे शुभवार्ता. ग्रीक 'युअँगेलियन'चे शब्दशः भाषांतर. पॉल कारस यांचे 'दि गॉस्पेल ऑफ बुद्ध' हे पुस्तक १८९४ पासून लोकप्रिय होते, म्हणजे शब्द परिचित आणि सोयीचा होता. आणि तरीही १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला तो 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या नावाने. रिलिजन, गॉस्पेल, धम्म : सात वर्षांत तीन शब्द, आणि अखेरचा शब्द इंग्रजी नव्हे.

शुभवार्ता कोणाची तरी असते. ती सांगणारा प्रेषित असतो आणि ती ऐकून श्रद्धेने तरून जाणारे असतात. बुद्धाने स्वतःला असे स्थान दिले नाही. ग्रंथात जेथे हा मुद्दा येतो तेथे बाबासाहेबांनी इंग्रजी वाक्यातच 'मार्गदाता' आणि 'मोक्षदाता' हे आपले शब्द घातले व मग त्यांचे इंग्रजी स्पष्टीकरण दिले. मात्र हे सांगितले पाहिजे की 'गॉस्पेल' शब्द त्यांनी ग्रंथातून पुरता हद्दपार केला नाही. प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या प्रश्नाची चर्चा करताना तो येतो, दुसऱ्या खंडाच्या शीर्षकात 'कन्व्हर्जन' आहे आणि धम्मचक्रप्रवर्तन 'सर्मन' झाले आहे. ही विसंगती म्हणून दाखविण्याची घाई कोणी करू नये. इंग्रजी वाचकाला हाताला धरून आणावयाचे तर त्याच्या ओळखीचे शब्द वापरावे लागतात. निर्णयाच्या जागी मात्र पालि शब्दच ठेवावा लागतो. माझ्या मते बाबासाहेबांची रीत ही होती, आणि अनुवादकासाठी याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. मराठी अनुवादाने शीर्षकात 'धर्म' न लिहिता 'धम्म' कायम ठेवला तो याच विवेकाने.

राहिला 'सति'. आज या शब्दावर जे संकट आहे ते वरील सर्वांहून ताजे आहे. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 'सम्मा सति'साठी 'राइट माइंडफुलनेस' हा शब्द योजला, आणि १९१० साली महासतिपट्ठानसुत्ताच्या भाषांतरात त्यावर शिक्कामोर्तब केले. निवड अतिशय मार्मिक होती. 'सति' हा संस्कृत 'स्मृति'. आणि 'माइंड' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही मुळात स्मरण हाच. जुन्या इंग्रजीतील 'गेम्युंड' म्हणजे आठवण. स्कॉटलंडच्या बोलीत 'माइंड' हे क्रियापद अद्याप आठवणे या अर्थाने चालते, आणि 'रिमाइंड' शब्दात तो अर्थ सर्वत्रच जिवंत आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात आठव्या स्तोत्रात 'माइंडफुल' शब्द येतो तो 'आठवण ठेवणारा' याच अर्थाने. पाद्रीपुत्र असलेल्या ऱ्हीस डेव्हिड्स यांच्या कानात तो अर्थ नक्कीच असणार. त्यांनी शब्द दिला तेव्हा त्यात स्मरण होते.

पुढील शतकात ते स्मरण त्यातून गळाले. जन्माने जर्मन असलेले न्यानपोनिक थेर यांच्या 'दि हार्ट ऑफ बुद्धिस्ट मेडिटेशन' या ग्रंथाने 'निखळ अवधान' या अंगावर भर दिला. स्मरणाचा मूळ अर्थ मात्र त्यांनी दडवला नव्हता. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी ताणतणाव कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून 'माइंडफुलनेस'ची जी व्याख्या जगभर गेली तिचा गाभा असा : वर्तमान क्षणाकडे, बरेवाईट न ठरविता, हेतुपूर्वक लक्ष देणे. रुग्णांना त्याचा लाभ होत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र ती सम्मा सति नव्हे. अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात सतिला सीमेवरील नगराच्या शहाण्या द्वारपालाची उपमा दिली आहे. अनोळखी माणसाला तो अडवतो, ओळखीच्याला आत घेतो. 'बरेवाईट न ठरविणारा' द्वारपाल कोणत्या नगराला परवडेल? मज्झिमनिकायातील महाचत्तारीसकसुत्तातही मिथ्यादृष्टी टाकून सम्यक् दृष्टी धारण करण्याच्या कामी सति राबताना दिसते.

बाबासाहेबांनी सम्मा सतिचे विवेचन करताना दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेल्या पहाऱ्यासाठी 'वॉच अँड वॉर्ड' हा शब्दप्रयोग वापरला आहे. बॅरिस्टराच्या लेखणीतून उतरलेला हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील आहे : नगराच्या वेशी सूर्यास्ताला बंद करून रात्रीचा पहारा ठेवण्याची सक्ती १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने केली होती. अंगुत्तरनिकायातील द्वारपाल असा मध्ययुगीन इंग्लंडमार्गे पुन्हा वेशीवर येऊन उभा राहतो. ज्यांच्या पूर्वजांनी वेसकर म्हणून गावाची वेस राखली, आणि ती राखूनही ज्यांना वेशीबाहेरच राहावे लागले, त्या वाचकांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि आता मराठीकडे पाहू. दोन पिढ्या आपण 'सम्यक् स्मृती' म्हणत आलो. विहारांच्या भिंतींवर अष्टांगिक मार्गात तोच शब्द रंगविलेला आहे. अलीकडील ध्यानविषयक पुस्तिकांत त्याची जागा 'सजगता' आणि 'जागरूकता' हे शब्द घेऊ लागले आहेत. हे शब्द पालितून आलेले नाहीत. ते अमेरिकन 'माइंडफुलनेस'चे मराठी भाषांतर आहेत. म्हणजे 'सति'पासून निघून, लंडन आणि मॅसॅच्युसेट्स असा वळसा घालून, वाटेत स्मरण हरवून आपण मराठीत परतलो. 'स्मृती' म्हटले की मनुस्मृती आठवते, म्हणून तो शब्दच नको, असेही एक कारण मी ऐकले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला तो एक ग्रंथ होता, स्मरणशक्ती नव्हे. शिवाय महाड आठवावयाचे तरी कोणत्या शब्दाने?

ज्यांना 'सजगता' पुरेशी वाटते त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. मिलिन्दपञ्हात राजा मिलिंद सतिचे लक्षण विचारतो, तेव्हा नागसेन चक्रवर्ती राजाच्या भांडागारिकाचा दृष्टान्त देतात. हा भांडागारिक सकाळ-संध्याकाळ राजापुढे येऊन तुझे हत्ती इतके, घोडे इतके, रथ इतके, सुवर्ण इतके, अशी त्याच्या वैभवाची आठवण करून देतो. त्याचप्रमाणे सति साधकाला कुशल काय आणि अकुशल काय, चार सतिपट्ठाने कोणती, सात बोज्झंग कोणते, याची आठवण देते. या उताऱ्याचे मराठी करताना 'सति'च्या जागी 'स्मृती' घातली तर वाक्य सरळ चालते. 'सजगता' घातली की भांडागारिक राजापुढे उभा तर राहतो, पण त्याच्या हातातील हिशेबाची वही कोरी असते.